सटवाजीच्या पाकिटातला एक्सरे

साल २०२३. माझं वय बहात्तर. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला समजलं, की माझी छाती गेली.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याला दम लागतो, त्यात नवल काय. पण माझ्याजवळ छातीशिवाय दुसरं काही नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. रान नाही, बैल नाही. बापानं दिलं ते रुंद हाडपेर. त्याच्या जोरावर मी चांद्याकडच्या कोळसा खदानीत अडतीस वर्षं जमिनीखाली काम केलं. चुडाव्याला आदिलाबादच्या गाडीत बसायचं, शेवटपर्यंत जायचं, पुढं एसटी. आमच्या वस्तीतून दोघं गेलो होतो, मी आणि सटवाजी. सटवाजी पन्नाशी गाठून खोकत परत आला आणि चार-पाच वर्षांत गेला. मी साठीला रिटायर होऊन ताठ आलो. गावात म्हणायचे, कोळसा खाऊन आला तरी गडी दगडासारखा हाय. मला ते ऐकायला लय आवडायचं. खोटं कशाला बोलू.

हे मी माझ्या हातानं लिहितो. दिवसाला अर्धं पान होतं. माझ्या मुलानं, प्रकाशनं, नंतर काना-मात्रा नीट केल्या, मजकुराला मी हात लावू दिला नाही. आपल्या भागातले जे कोणी खदानीतून आलेत आणि उगी टीबीच्या गोळ्या खात बसलेत, त्यांच्यासाठी हे आहे.

वेगळा कप

खोकला दोन वर्षं होता. जवळच्या डॉक्टरानं थुंकी तपासली, काही निघालं नाही. तरी म्हणाला, टीबीच असणार, गोळ्या घ्या. सहा महिने घेतल्या. लघवी लाल व्हायची, भाकरीचा वास नको वाटायचा, खोकला तसाच. म्हणाला, अजून सहा महिने. तेही केले.

त्या गोळ्यांनी घरात जे केलं ते खोकल्यानं केलं नव्हतं. सूनबाईनं माझी ताटली आणि कप वेगळा काढला. नातवंडांना माझ्या खाटेजवळ येऊ देईना. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही, तिला डॉक्टरानंच तसं सांगितलं होतं. पण वेगळा कप मी लहानपणी हॉटेलाच्या बाहेर ठेवलेला पाहिला होता, आमच्या लोकांसाठी. म्हातारपणी तो माझ्याच घराच्या खिडकीत पाहिला.

मी चहा सोडला. रुखमिन, माझी बायको, म्हणाली, "आवं, लेकरांच्या जिवाचं बघायलीय ती. चहावर कामून राग काढायलात?"

"मला चहा आवडतच न्हाई," मी म्हणालो.

"व्हय की. पन्नास वर्षं मीच पीत होते, पाच-पाच बारी."

डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट विचारली

दसऱ्यानंतर एका दुपारी दोन पायऱ्या चढलो आणि श्वास वर येईना. प्रकाशचं परभणीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तो धावत आला. आम्ही गाडीनं निघालो. वाटेतलं पिंगळी स्टेशन येईपर्यंत मला धड बसवेना की उभं राहवेना.

परभणीच्या छातीच्या डॉक्टरीणबाई प्रकाशच्याच वयाच्या. त्यांनी नळी लावून ऐकलं, एक्सरे काढायला लावला आणि विचारलं, "बाबा, काम काय करता?"

"आता काय काम. लिंबाखाली बसतो."

"आता नाही. आधी."

"खदानीत होतो."

"कसल्या?"

"कोळशाच्या. खाली."

"किती वर्षं?"

"अडतीस."

त्यांनी पेन खाली ठेवलं. एक्सरे पुन्हा उजेडाच्या डब्यावर लावला.  "बाबा, हा टीबी नाही. कोळशाची धूळ आहे. फुफ्फुसात जाऊन बसलीय. ती आता निघत नाही. आहे तेवढं आपण सांभाळायचं."

मी म्हणालो, "बाई, मला खदान सोडून बारा वर्षं झाली. रोज आंघोळ करतो मी."

कुणी हसलं नाही. मी हसवायला बोललोच नव्हतो. मला खरंच वाटत होतं, जे काळं होतं ते त्या-त्या दिवशी मोरीत वाहून गेलं. मी त्या फोटोकडं बघत होतो. आत पांढरे ठिपके होते, सरकी पसरल्यासारखे. कोळसा काळा, आणि फोटोत तो पांढरा. ते मला काही केल्या पटेना. हा फोटो माझा नाही, कंपाउंडरनं बदलला असेल, असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला लागलो तेव्हा प्रकाशनं माझा हात धरला. तो लहान होता तेव्हा मी त्याचा तसा धरायचो.

भावांनो, कोणत्याही डॉक्टरकडं गेलात तर पहिलं हे सांगा, की मी खदानीत होतो. विचारायची वाट बघू नका. दोन वर्षं मला कुणी विचारलं नाही, आणि जे चावडीवर एवढ्या गर्वानं सांगायचो ते दवाखान्यात सांगायचं मलाही सुचलं नाही.

नऊ दिवस

वॉर्डात नऊ दिवस होतो. पहाटे पाचला झाडू, मग थर्मामीटर, मग सुई. नाकात ऑक्सिजनची नळी. पाठीवर झोपलं की गुदमरायचं, म्हणून दोन उशा टेकून बसूनच डोळा लागायचा. संडासला जायचं तर नळी काढावी लागे, आणि ती काढली की दहा पावलांवरचा दरवाजा शेताच्या बांधाएवढा लांब वाटे. भीती मला तिथं कळली. खदानीत छत करकरलं तरी मी कधी भ्यालो नव्हतो. इथं नुसतं संडासच्या दरवाजाकडं बघून भ्यालो.

शेजारच्या खाटेवर चारठाण्याचा एक म्हातारा होता, बिडीनं छाती घालवलेला. त्यानं विचारलं, "तुमी काय वढीत होता?"

"काहीच न्हाई. बिडीसुदिक न्हाई."

"आरारा! मंग फुकटच गेली की तुमची. मी निदान मजा केली."

मी इतका हसलो की खोकल्यानं डोळे पांढरे झाले. नर्सबाई आम्हा दोघांवर ओरडली.

तिसऱ्या दिवशी सूनबाई गावाकडून भाकरी घेऊन आली. टीबी नाही हे तिला समजलं होतं.  माझ्या हातातला अर्धा प्यालेला चहाचा ग्लास तिनं घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. मी खिडकीकडं बघत राहिलो. आजारपणात माणसाला किती थोडं पुरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

भीक नको

भरपाईचं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. सरकारी खदान, तिच्या धुळीनं आजार झाला, तर भरपाई मिळते. अर्ज करायचा. मग डॉक्टरांचं बोर्ड बसतं, ते माणूस तपासतं, नोकरीतले जुने एक्सरे मागवतं, आणि ठरवतं.

मी म्हणालो, "मला भीक नको."

"भीक कोण देतंय बाबा? खाली काम करताना बोट तुटलं असतं तर भरपाई घेतली असती ना?"

"घेतली असती. हक्काची हाय."

"मग हे फुफ्फुस तुटलंय."

 प्रकाशनं अर्ज केला. घरी ऑक्सिजनची मशीन लागणार होती, ती त्या पैशातून घ्यायची असं ठरलं. तोवर भाड्याची नळकांडी. ती संपत आली की रुखमिन काट्याकडं बघत बसायची, दूध उतू जाईल म्हणून बघतात तशी. जानेवारीत बोर्डाची तारीख आली. मंजूर झालं तर मशीन, नामंजूर झालं तर प्रकाशचं दुकान गहाण. इतकं सरळ होतं.

गयाबाई आली

गयाबाई म्हणजे सटवाजीची बायको. आमच्या घरापासून दोनशे पावलांवर राहते. सतरा वर्षं झाली तिला एकटीला. लोकांच्या रानात खुरपून राहिलेल्या दोन पोरी उजवल्या. मला खदानीचाच आजार निघाला हे ऐकून ती एक दिवस पाकीट घेऊन आली.

"जयभीम भाऊजी. उठू नका, बसा."

सटवाजी गेल्यावर तिनंही भरपाईचा अर्ज केला होता. उत्तर आलं, की नोकरीतल्या शेवटच्या तपासणीत छाती निर्दोष होती, सबब अर्ज नामंजूर. तेव्हापासून गावात झालं, की सटवाजी दारूनं गेला. थोडी प्यायचा तो, खदानीत कोण पीत नाही. पण त्याचा सख्खा भाऊ पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला, "छाती साफ होती, दारूनंच खाल्ला त्याला." तिनं ते ऐकून घेतलं आणि पुढं वर्षानुवर्षं ऐकत राहिली.

"तुमी खोकायलात ना, तसंच खोकायचे ते," गयाबाई म्हणाली. "रातचं बसूनच झोपायचे, तुमच्यासारखं. मंग कागद कसा म्हणतो साफ? धाकल्या जावयानं माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून हे आणलंय. त्यात त्यांचा फोटो हाय. तुमच्या डॉक्टरीनबाईला दाखवा एकदा. मला पैसे मिळू न्हाईतर न मिळू. ते कशानं गेले एवढं मला कळू द्या."

इथं मला कुणी विचारील, तुला तेव्हाच नाही आठवलं का? नाही आठवलं. मी पाकीट उशाखाली ठेवलं आणि म्हणालो, "दाखवतो की वहिनी. सटवाजीसाठी एवढं करणार न्हाई का?"

दोन फोटो

बोर्डाला बारा दिवस राहिले होते. तपासणीला गेलो तेव्हा मी पाकीट पुढं केलं. डॉक्टरीणबाईंनी डब्यावर आधी माझा फोटो लावला, शेजारी सटवाजीचा. त्यात ठिपके नव्हते. साफ, काळाभोर. मला वाटलं, गयाबाईला काय सांगावं आता.

डॉक्टरीणबाई एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होत्या. म्हणाल्या, "सटवाजी तुमचे सख्खे भाऊ का?"

"न्हाई. गाववाले. नातंबी न्हाई."

"बाबा, तुमच्या मानेखाली उजव्या बाजूला एक जास्तीची बरगडी आहे. जन्मापासूनची. फार थोड्या लोकांना असते. ही बघा. आणि खाली डावीकडची ही एक मोडून वाकडी जुळलेली आहे."

"बैलगाडीवरून पडलो होतो. सात-आठ वर्षांचा असंल."

"सटवाजीही पडले होते?"

त्यांनी दोन्ही फोटोंवर एकेक बोट ठेवलं होतं. वर तीच जास्तीची बरगडी. खाली तीच वाकडी.

"हे दोन्ही फोटो एकाच माणसाचे आहेत," त्या म्हणाल्या.

माझे कान बंद झाले. पंखा फिरताना दिसत होता, आवाज येत नव्हता.

खदानीत दर पाच वर्षांनी छातीचा एक्सरे काढायचे. ज्याची छाती खराब निघेल त्याला 'वर' घ्यायचे. वर म्हणजे जमिनीवरचं हलकं काम. खालचा भत्ता बंद, आणि बरोबरीचे गडी चिडवायचे, झाडू मारायला ठेवलाय म्हणून. त्यामुळं ज्याला खोकला असे तो आपल्या जागी मजबूत छातीवाल्याला पाठवी. कंपाउंडर हातातल्या हजेरीच्या टोकनचा नंबर लिहून घ्यायचा, तोंड कोण बघतो. गावात एकमेकाला बैल देतात, तशी आम्ही छाती द्यायचो. गुन्हा आहे असं आमच्या डोक्यातही नव्हतं. आणि सगळ्यांत जास्त मागणी मला होती.

सटवाजी त्या दिवशी खाली उतरताना डोक्याला लावायच्या बत्त्या मिळायच्या त्या खिडकीपाशी मला म्हणाला होता, "एवढ्या बारीला माझ्या टोकनवर तू उभा राहा रे. पोरीचं जमवायलोय. वर घेतलं तर सोयरीक मोडती." मी गेलो. हनुवटी टेकवली, छाती फुगवली. कंपाउंडर म्हणाला, वा, क्या छाती है. बाहेर आल्यावर सटवाजीनं मला भजी खाऊ घातली. दहा मिनिटांचं काम. त्यानंतर तो आणखी चार वर्षं खाली उतरला.

"किती जणांच्या जागी उभे राहिलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी बोटं मोजली. सटवाजी. तेलंगणाकडचे दोघं, राजय्या आणि मल्लेश. एक बिहारी.

"चौघांच्या."

त्यांनी दोन्ही फोटो डब्यावरून काढले. मग हळू म्हणाल्या, "बाबा, हे बोर्डापुढं गेलं तर तुमच्याही जुन्या फोटोंवर शंका घेतील. तुमचा अर्ज अडकेल. कदाचित नामंजूरच होईल. मला कुणी विचारलं तर जे दिसतं तेच मी सांगणार. पण बाकीचं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

गप बसा

 घरी आल्यावर रुखमिन, सूनबाई, प्रकाश, तिघांना सांगितलं. प्रकाश उभाच राहिला.

"आबा, गप बसा. बारा दिवस. बोर्ड होऊ द्या, मंजुरी येऊ द्या, मंग सांगा काय सांगायचं ते."

"मंजुरीला किती दिवस लागतात?"

"लागंल वर्ष-दीड वर्ष."

"तवर मी मेलो तर?"

"आन मशीन न मिळाल्यानं मेलात तर?" तो ओरडला. पोरगं माझ्यावर जन्मात ओरडलं नव्हतं. मग तोच खाली बसला आणि डोळे पुसायला लागला.

रुखमिन म्हणाली, "मला काही कळंना झालंय. पर मी रोज नळावर तिच्या शेजारी घागर लावते. वर्ष-दीड वर्ष मी तिच्या तोंडाकडं कशी बघू, ते सांगा मला."

दिवेलागणीला गयाबाई दारात आली. आत आलीच नाही, उंबऱ्यापाशी उभी राहिली. "काय म्हनल्या हो भाऊजी, डॉक्टरीनबाई?"

सगळं घर माझ्याकडं बघत होतं.

मी म्हणालो, "फोटो ठेवून घेतलाय. बघून सांगते म्हनल्या."

फोटो माझ्या उशाखाली होता. ती "बरं, बरं" म्हणत गेली. जाताना म्हणाली, "तुमचे लय उपकार झाले."

मी आयुष्यात भांडणं केली, मारामाऱ्या केल्या, साहेबाच्या टेबलावर टोकन आपटलं. लाज अशी मला कधी वाटली नव्हती. 'उपकार' हा शब्द ऐकला आणि त्या छातीत, जिच्यात कोळसा बसलाय, काहीतरी जोरानं आपटलं. रात्रभर मी बसून होतो. प्रकाशही जागा होता. 

सकाळी

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं, पाकीट घेतलं आणि गयाबाईच्या घरी गेलो. दोनशे पावलांत चार वेळा थांबलो. ती अंगणात सुपात तूर पाखडत होती.

"वहिनी, काल मी खोटं बोललो. ह्यो फोटो सटवाजीचा न्हाई. माझा हाय. त्याच्या टोकनवर मी उभा राहिलतो."

मग सगळं सांगितलं. खिडकीपासून भज्यांपर्यंत. काही सोडलं नाही.

तिचं सूप हातातच राहिलं. "म्हंजे त्यांची छाती..."

"खराब होती. म्हणूनच तर मी उभा राहिलो."

 मग म्हणाली, "सतरा वर्षं मी त्यांच्या भिंतीवरच्या फोटोला शिव्या देत आले. दारू पिऊन मला उघड्यावर टाकलंस म्हणून." आणि माझ्याकडं सरळ बघून विचारलं, "भजी चांगली होती का?"

मी मान खाली घातली. "चांगली होती."

तिनं सूप खाली ठेवलं, तूर तशीच पडू दिली, आणि दाराला कडी घातली. "चला. मला सांगितलं ते कागदावर लिहून द्या."

आम्ही ऑटोनं पूर्ण्याला गेलो. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण उतरताना मला दम लागला तेव्हा थांबली. तहसीलबाहेर टायपिंगवाला बसतो. त्याला मी सांगायला लागलो. चार ओळी झाल्यावर त्यानं हात थांबवले. "बाबा, हे तुमच्यावरच उलटतंय. कळतंय ना?"

"लिहा," मी म्हणालो.

त्यानं सटवाजीचं नाव घातलं. राजय्या आणि मल्लेशचं घातलं. बिहाऱ्याचं नाव मला काही केल्या आठवेना. खदानीच्या खोलीत दोन खाटा पलीकडं राहायचा, सकाळी हरभरे भिजवून खायचा, एवढंच डोळ्यापुढं येत होतं. मी म्हणालो, तिथं जागा सोडा. त्यानं चौथ्या नावाची जागा कोरी सोडली, आणि खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं.